ई-२० मुळे इंजिन ठोकतं? नाही

'ई-२० पेट्रोल भरल्यापासून बाईक ठकठक करते, इथेनॉल इंजिन फोडतं' असा मेसेज फिरतोय. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मायलेज थोडं घटतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि सील खराब होऊ शकतात, हे खरं आहे. पण ठोकण्याचा आरोप साफ उलटा आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंधनाची अवेळी न पेटण्याची क्षमता, साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे चढावर लोड आल्यावर होणारं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून येणारा ठोका) उलट कमी होतं.

मग आवाज कुठला? गाडी मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये रेस द्या. रेसबरोबर टकटक वाढली तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) किंवा टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली चेन) बघा. उभ्या गाडीत शांतता, पण चालताना क्लच दाबूनही वेगाबरोबर खडखड येत असेल तर मागची चेन, स्प्रॉकेट, चाकाचं बेअरिंग. फूटरेस्टवर पायाला झिणझिण्या येत असतील तर आधी इंजिन माउंटिंगचे बोल्ट. परवा एका गाडीचा खालचा बोल्ट चक्क बोटाने फिरला. आवळल्यावर थरथर गेली. मालक बिचारा महिनाभर पेट्रोल पंप बदलत होता.

आतून घणासारखा जड ठोका येत असेल तर मात्र गाडी चालवू नका, ढकलत गॅरेजला न्या. कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलेलं असू शकतं.