तिसऱ्या दिवशीचा काटा आणि मधाचं बोट

परवा डिंकाचे लाडू घेऊन ताईकडे गेले, तर ओट्यावर सहाण, सोन्याची अंगठी आणि मधाची बाटली मांडून ठेवलेली. भाचीचं बाळ चार दिवसांचं. जन्मतः २ किलो ४०० ग्रॅम, आदल्या दिवशी घरी तपासायला आलेल्या आरोग्यसेविका आशाताईंच्या काट्यावर २ किलो २४०. ताईने मोबाईलवर आलेला मेसेजच पुढे केला. ‘कमी वजनाचं बाळ : प्रत्येक आजीने वाचाच.’ मी वाचलं आणि आधी मधाची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली.

त्यात लिहिलंय, पहिल्या आठवड्यात वजन उतरलं म्हणजे आईचं दूध पुरत नाही, मधाचं बोट आणि पाणी घातलेलं गायीचं दूध सुरू करा. अहो, वजन जवळजवळ प्रत्येक बाळाचं उतरतं! अंगातलं जादा पाणी जातं, पहिली काळी शी होते, आणि आईला सुरुवातीला येतो तो चीक, तोही चमचा-चमचा. दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते, दहा ते चौदा दिवसांत ती भरून निघते. आमच्या बाळाची सात टक्केही नव्हती. घट दहा टक्क्यांहून जास्त असेल, बाळ सुस्त असेल किंवा लंगोट कोरडे राहत असतील, तर डॉक्टर गाठायचा, सहाण नव्हे.

पाणी घातलेल्या दुधाने पोट भरतं, अंग भरत नाही. बाळ ओढत नाही, ओढलं नाही की आईचं दूध आटतं, मग ‘बघा, पुरत नव्हतंच’ म्हणायला सगळे मोकळे. मधात तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात, बाळ लुळं पडतं, श्वास अडकू शकतो. ‘आमच्या सगळ्या मुलांना चाटवलाय,’ ताई म्हणाली. चाटवला असेल. निभावलं म्हणायचं.

मेसेजमध्ये पुढे, ‘तीन महिन्यांत वजन दुप्पट नाही तर डब्याचं दूध.’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या तक्त्यात मुलग्यांची मधली रेघ ३.३ वरून तीन महिन्यांत ६.४ किलोवर जाते. मुलींची मात्र ३.२ वरून ५.८ वरच पोचते. आणि मधली रेघ म्हणजे पासाचे गुण नव्हेत, निम्मी निरोगी मुलं तिच्याखाली असतात. बाळाची स्वतःची रेघ वर चढतेय ना, ते कार्डावर बघा.

‘साडेतीन किलोचं तेच सुदृढ.’ हे वाचून तर हसूच आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने जवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलो, त्यांची ३.५. पण आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. म्हणजे काट्यावरचा आकडा बाळ कशाचं बनलंय ते सांगतच नाही. शिवाय आईला मधुमेह असला, तर त्यानेही बाळ वजनदार होऊ शकतं.

‘अडीचच्या आतलं कायम किरकोळ’ हेही सरसकट खोटं. अशा बाळाला जपावं लागतं, ते लवकर गार पडतं, ओढताना दमतं, हे खरं. म्हणून त्याला आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं. आईच्या पोटात जागा न पुरल्याने बारीक राहिलेली कितीतरी बाळं पहिल्या काही महिन्यांत भराभर बाळसं धरतात.

चौदाव्या दिवशी आशाताई पुन्हा आल्या. २ किलो ४६०. ताईने आकडा दोनदा विचारला, मग मला म्हणाली, “बाटली काढून दे गं, मला खोकल्याला लागतो मध.”