मौनं सर्वार्थसाधनम्, अर्थात पेटंटवाल्यांना सल्ला

तांत्रिक मानक ठरवणाऱ्या एखाद्या गटात तुमची वर्णी लागली का? अभिनंदन. आता तोंड उघडू नका.

दर बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष एक पाटी दाखवतात: चर्चेतल्या गोष्टीवर कुणाचं पेटंट किंवा अर्ज असेल तर सांगावं. तेवढा वेळ माईक बंद ठेवून चहा ढवळावा.

लेखी तर काहीच देऊ नये. 1992 साली डेल या संगणक कंपनीच्या प्रतिनिधीनं व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेला लिहून दिलं की व्हीएल-बसवर (संगणकाच्या आतले भाग जोडणारी वाट) आमचा हक्क नाही. आठ महिन्यांत 14 लाखांवर संगणकांत ती बस बसली, मग पेटंट आठवलं. कागद मात्र तिथंच होता. 1996 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे (व्यापारातल्या लबाडीवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) त्या पेटंटावर पाणी सोडावं लागलं.

गुरू करायचा तर रॅम्बस ही मेमरीचं तंत्र विकणारी कंपनी. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या बैठकांना बसून मेमरीचं मानक घडताना बघायचं आणि इकडे आपल्या पेटंटच्या अर्जातले दावे त्या बेतानं शिवत राहायचं. कमिशननं 2006 मध्ये दोषी धरलं, 2008 मध्ये अपिलात सुटले.

स्वतःला काही कळूच देऊ नका. आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा नियम पेटंटं शोधत बसा म्हणत नाही, स्वतःला ठाऊक असेल ते सांगा एवढंच म्हणतो. (माणसाला मुद्दाम अंधारात ठेवून पळवाट काढता येणार नाही, असंही पुढं लिहिलंय. पण तिथपर्यंत वाचतो कोण?)

मानक मंजूर झालं की मग मेल टाका: ‘वाजवी आणि भेदभावरहित’ अटींवर परवाना द्यायला तयार आहोत. वाजवी! आमच्या गटातल्या एका हसऱ्या गृहस्थांनी गेल्या महिन्यात हेच केलं. दोन वर्षं आम्ही इंदूरहून रात्री साडेअकराला त्या बैठकांना बसतोय. आई रामबागेतल्या घरात आतून ओरडते, ‘‘अरे, रोज रात्री कुणाशी भांडतोस?’’ त्या मानकाप्रमाणे बनवलेले पाण्याच्या मीटरचे तीनशे बोर्ड सोल्डर होऊन खोक्यात पडलेत. दर विचारला, तर म्हणे आधी गोपनीयतेच्या करारावर सही करा. आमच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, कचोरीवाल्यानं असं करून बघावं! खाऊन झाल्यावर भाव सांगायचा, तोही कानात, आणि शेजारच्याला किती लावला ते विचारायचं नाही. ‘भिया’ (इंदुरी भैया) म्हणत म्हणत लोकांनी त्याची कढई उलटी केली असती.

बास झाली थट्टा. अहो हसरे गृहस्थ, एक ओळ लिहायची होती तुम्हाला. चेकसमची (संदेश बिघडला का ते तपासणाऱ्या आकड्याची) दुसरी रीत मी मांडली होती, आठवतंय? ‘गुंतागुंतीची आहे’ म्हणून ती बाजूला सारणारे तुम्हीच. तेव्हा तुमचा अर्ज दाखल होता. पेटंट घ्या, पैसे मागा, कोण नको म्हणतंय? पण वेळेवर बोला! डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत पहिला जाहीर मसुदा निघाला की 150 दिवसांत सांगावं लागतं कुठलं पेटंट मोकळं सोडणार नाही ते. गप्प बसलात तर ते रॉयल्टीविना द्यावं लागतं. आमच्याकडे सगळा कारभार भलमनसाहतीवर, आणि तिचाच तुम्ही धंदा केलात. लाज वाटायला हवी होती.

मंगळवारी बैठक आहे. पाटी येईल तेव्हा माझा माईक चालू असेल, आणि मी तुमचं नाव घेऊन विचारणार आहे.