परदेशातून: निकाहनाम्यातले कोरे रकाने

ब्रिटनमध्ये बसून मायदेशातल्या चर्चा ऐकताना एक गोष्ट फार खटकते. 'इस्लाममध्ये स्त्रीचं स्थान' हा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक जण सांगतो, चौदाशे वर्षांपूर्वी आमच्या धर्माने बाईला वारसाहक्क दिला, मेहर (नवऱ्याने लग्नात बायकोला द्यायची रक्कम) दिला, लग्नाला तिची संमती लागते असं सांगितलं. दुसरा लगेच तलाक, हलाला (तलाकनंतर पहिल्याच नवऱ्याकडे परतण्याआधी दुसऱ्याशी लग्न करायला लावणं) आणि बुरखा काढतो. दोघांकडेही दाखले भरपूर आहेत, त्यामुळे वाद संपत नाही. लग्न झालेल्या बाईचं स्थान प्रत्यक्षात ज्या कागदावर ठरतं, तो निकाहनामा मात्र कुणी उघडून पाहत नाही.

इस्लाममध्ये लग्न हा करार आहे, हे सगळेच सांगतात. पण करार म्हटला की अटी आल्या, रक्कम आली, मोडला तर काय हेही आलं. आपल्याकडे हे सगळं काझीसाहेब पाच मिनिटांत उरकतात आणि वधूपुढे फक्त सहीची जागा येते.

भारतातली चर्चा गेली चाळीस वर्षं कोर्टाभोवती फिरते आहे. घटस्फोटित शाहबानोला पोटगी देणारा १९८५ चा निकाल, त्यावर उतारा म्हणून आलेला १९८६ चा कायदा. मग २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतर बायकोने थांबायच्या साधारण तीन महिन्यांच्या, मुदतीतच नवऱ्याने बायकोच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करून दिली पाहिजे. २०१७ मध्ये एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला, २०१९ मध्ये तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. जुलै २०२४ च्या निकालाने घटस्फोटित मुस्लिम बाईला सर्वधर्मीयांसाठीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही (आता नव्या संहितेत कलम १४४) पोटगी मागता येते, हे पक्कं केलं. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तिथून इथवरचा पल्ला लहान नाही. पण यातलं सगळं लग्न मोडल्यानंतरचं आहे. शिवाय २०१९ च्या कायद्याला बगल देणं सोपं आहे: नवरा तलाक शब्द उच्चारतच नाही, नुसता निघून जातो. अशा टाकलेल्या बाईला सुटका हवी तर आजही मुख्य आधार १९३९ च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्याचा. दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं पत्ता नाही, सात वर्षांची शिक्षा झाली, क्रूरता सिद्ध झाली, यांपैकी काहीतरी कोर्टात मांडायचं आणि तारखांना जात राहायचं.

इथलं, ब्रिटनमधलं, दुखणं उलटं आहे. गोव्यासारखा अपवाद सोडला तर भारतात नुसता निकाह हे कायदेशीर लग्न असतं. इंग्लंड-वेल्समध्ये घरी, हॉलमध्ये किंवा लग्नासाठी नोंदणी नसलेल्या मशिदीत लागलेला निकाह सरकारच्या लेखी लग्नच नव्हे. कायदेशीर रीत सरळ आहे: दोघांनी स्वतः रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस द्यायची, २८ दिवस थांबायचं, मग रजिस्ट्रारपुढे दोन साक्षीदारांसह लग्न लावायचं. काही मशिदींची लग्नासाठीही नोंदणी आहे, पण अशा मशिदी थोड्याच. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील कोर्टाने १९९८ साली साउथॉलमधल्या एका रेस्टॉरंटात लागलेल्या निकाहाचा निकाल दिला. अठरा वर्षांचा संसार, चार मुलं, आणि कोर्ट म्हणालं की ते लग्न अवैध होतं असंही म्हणता येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तिथे लग्न लागलंच नव्हतं. अवैध लग्न ठरलं असतं तरी मालमत्तेच्या वाटणीचा अर्ज करता आला असता. लग्नच नाही म्हटल्यावर तोही गेला. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर आपण त्यात पैसे घातले हे बाईने सिद्ध करायचं. पेन्शनमध्ये वाटा नाही. मृत्युपत्राविना नवरा गेला तर बायको म्हणून काही मिळत नाही, कोर्टाकडे सोबत राहणारी म्हणून हात पसरायचा.

यातला विचित्रपणा असा. रत्नागिरीत निकाह लागून बर्मिंगहॅमला आलेली सून कायद्याने बायको असते, कारण जिथे लग्न लागलं तिथल्या कायद्याने ते वैध आहे. तिला नवऱ्याने फोनवर तलाक दिला तरी इथे तो चालत नाही, कारण १९८६ च्या फॅमिली लॉ ॲक्टप्रमाणे या देशात घटस्फोट फक्त कोर्टच देऊ शकतं. आणि बर्मिंगहॅममध्येच जन्मलेली, शिकलेली, नोकरी करणारी मुलगी तिथल्याच हॉलमध्ये निकाह लावून बसली तर ती कुणीच नाही. बिचाऱ्या देशी सुनेची कीव करणाऱ्या इथल्या मंडळींना हे सांगितलं की आधी पटतच नाही.

मग नोंदणी का राहते? आळस हे एक कारण. 'आधी निकाह, सिव्हिलचं नंतर बघू' असं ठरतं, आणि निकाह झाला की समाजाच्या दृष्टीने सगळं झालं, त्यामुळे ते 'नंतर' येत नाही. काही वेळा मुलाकडच्यांना ते येऊच द्यायचं नसतं: घराचा वाटा जाऊ नये म्हणून, किंवा ही दुसरी बायको आहे म्हणून. २०१८ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने शरिया कौन्सिलांचा, म्हणजे धार्मिक घटस्फोट देणाऱ्या इथल्या खासगी मंडळांचा, अभ्यास केला, तेव्हा तिथे येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका निघाल्या, आणि त्या आल्या होत्या धार्मिक घटस्फोट मागायला. नोंदणी नसल्याने त्यांतल्या कितीतरींना दुसरं दार नव्हतं. निकाहाच्या आधी किंवा सोबतच सिव्हिल लग्न सक्तीचं करा, ही त्या समितीची पहिली शिफारस. माझ्या मते धर्माला हात न लावता करता येण्याजोगी याहून मोठी सुधारणा नाही.

मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटायचं कारण नाही, कारण गोव्यात तीच आहे. मुसलमानांच्या लग्न-वारशाला शरियत लावणारा १९३७ चा कायदा तिथे लागूच नाही. मुसलमानांनाही सिव्हिल रजिस्ट्रारपुढे आधी इरादा नोंदवून नंतर दुसऱ्यांदा सही करावी लागते, आणि वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. महाराष्ट्रातही १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंदणी ९० दिवसांत करायची असते. ती राहिली तर निकाह रद्द होत नाही, पण व्हिसाच्या वेळी धावाधाव होते.

आता रकान्यांकडे. पहिला मेहर. तो बायकोचा, तिच्या बापाचा नव्हे. आपल्याकडे शकुनाचा आकडा घालायची हौस: ७८६, १,१०१. तीस वर्षांनी त्यात भाजीही येत नाही. रुपयांऐवजी वजन लिहावं: इतके ग्रॅम सोनं, किंवा मेहर-ए-फातिमी, म्हणजे ५०० दिरहम, सुमारे दीड किलो चांदी. लग्नाच्या वेळी किती दिला आणि किती बाकी, बाकी केव्हा द्यायचा, हे स्पष्ट लिहावं. लग्नात घातलेले दागिने मेहरमध्ये धरले की वेगळे, हेही लिहावं, नाहीतर भांडण हमखास तिथेच होतं. इंग्लिश कोर्टाने १९६० च्या दशकातच राहिलेला मेहर कराराचं देणं म्हणून वसूल करता येतो असं मान्य केलंय, पण त्यासाठी कागदावर रक्कम वाचता आली पाहिजे.

दुसरा रकाना अटींचा: शिक्षण-नोकरी थांबवणार नाही, राहतं घर वेगळं असेल, दुसरं लग्न केलं तर हिला सुटका मिळेल. तिसरा सगळ्यांत मोलाचा, घटस्फोटाचा अधिकार बायकोकडे सोपवण्याचा, म्हणजे तफवीज. पाकिस्तानात १९६१ पासूनच्या छापील निकाहनाम्यात १८ क्रमांकाचा रकाना नेमका यासाठी आहे, आणि १७ वा खास अटींसाठी. होतं काय, तर निकाह लावणारा मुलीने पाहण्याआधीच त्यांवर आडवी रेघ ओढतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'शुभ दिवशी तलाकची भाषा कशाला?' म्हणून मसुदा पंधरा दिवस आधी मुलीच्या हातात यावा, तिने ओळ न् ओळ वाचावी, आणि सह्या झालेली एक प्रत तिच्या स्वतःकडे असावी, सासरच्या कपाटात नको.

आमच्या कोकणी मुसलमानांपुढे इथे एक खरी अडचण येते, आणि उत्तरेकडची तयार निकाहनाम्याची नक्कल उतरवणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. उत्तरेकडचे बहुतेक हनफी, आपण शाफई; हे सुन्नी मुसलमानांचे दोन वेगळे पंथ. हनफी फिक्हमध्ये (धर्मशास्त्रात) तफवीज पुढे केव्हाही वापरता येईल अशी लिहिता येते. शाफई मतानुसार ती त्याच बैठकीत वापरली नाही तर संपते. मग शाफई काझी 'हे आपल्यात नाही' म्हणून रकाना खोडतो, आणि त्याच्या बाजूने तो बरोबरच असतो. यावर शाफई देशांनीच वाट काढली आहे. तिला तालीक म्हणतात: नवरा आधीच सशर्त तलाक उच्चारून ठेवतो आणि अट मोडली की तो लागू होतो. इंडोनेशियात हा मजकूर लग्नाच्या पुस्तिकेतच छापलेला असतो आणि निकाहानंतर नवरा सहसा तो मोठ्याने वाचतो. बायकोला सलग दोन वर्षं सोडून गेलो, तीन महिने खर्च दिला नाही, मारहाण केली किंवा सहा महिने तिच्याकडे दुर्लक्ष केलं, तिला ते मान्य नसून ती धार्मिक कोर्टात गेली, आणि कोर्टाने तिची तक्रार खरी मानली, तर तिने १०,००० रुपिया भरायचे की एक तलाक पडतो. दहा हजार रुपिया म्हणजे आपले पन्नासेक रुपये.

भारतात धार्मिक कोर्ट नाही, तेव्हा त्या जागी फॅमिली कोर्ट किंवा दोन्ही घरांनी आधीच नेमलेले दोन पंच लिहावे लागतील आणि वकिलाकडून शब्द तपासून घ्यावे लागतील. बाकीचा मजकूर चिपळूण-महाडच्या शाफई काझीला फिक्हचा आधार दाखवून पुढे ठेवता येतो, आणि 'हे हनफींचं' म्हणून काझीला तो परतवता येत नाही.