विषय क्रमांक तीन, मंजूर मंजूर

कुणाच्या गावात पाणी वापर संस्थेची, म्हणजे धरणाचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेची, वार्षिक सभा गणपूर्ती होऊन, म्हणजे नियमाएवढी माणसं येऊन, झाली असेल तर फोटो पाठवा, फ्रेम करून लावते. आमची काल झाली. वेळ अकराची. अकराला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मी, सचिव आणि हॅलो चेक हॅलो चेक करणारा माइकवाला, वीस माणसांसाठी माइक कशाला हे विचारायचं नसतं. साडेअकराला अध्यक्ष आले, खुर्च्यांवर एक नजर टाकली, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने याच ठिकाणी" म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडीत एसी लावून बसले. बारा वाजता तीच सभा परत, आता गणपूर्तीची अटच नाही. आणि बरोबर बाराला यांची चौदा-पंधरा माणसं एकदम दारातून आत. नोटिशीत अकरा लिहिलेलं असताना यांना बाराला या म्हणून कुणी सांगितलं होतं ते मला कळलेलं नाही असं समजा.

आणि ती नोटीस कुठं लावली होती तर संस्थेच्या ऑफिसात आतल्या भिंतीवर, ऑफिसला कुलूप. खिडकीच्या जाळीला नाक लावून वाचली मी. ग्रुपवर का नाही टाकली? ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं, दव पडलेलं, खाली शुभ सकाळ. एकादशीच्या शुभेच्छा येतात, अमक्या साहेबांचा वाढदिवस येतो, हात जोडलेले सतरा फोटो येतात. सभेची नोटीस तेवढी येत नाही, तिला बहुतेक रेंज नसते.

विषयपत्रिकेवर आठ विषय. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, वाचलं कुणीच नाही, कायम झालं. अहवाल, मंजूर. विषय तीन, जमाखर्च. सचिवांनी एक कागद फिरवला, एकच, झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तो कागद माझ्यापर्यंत यायच्या आत पुढच्या रांगेतून मंजूर मंजूर सुरू. मी कागद पकडला. सोडलाच नाही. त्यात काय होतं ते तसंच सांगते. भराव व गेट देखभाल दुरुस्ती, ३,२०० रुपये. त्याच्या खालची ओळ, सभा, सत्कार, फ्लेक्स व चहापान, २७,५००. अभ्यास दौरा, ३८,०००. आणि शेवटी किरकोळ, ४१,०००. किरकोळ! सगळ्यात मोठा खर्च किरकोळ!

मी उभी राहिले. म्हटलं अध्यक्षसाहेब, किरकोळ म्हणजे काय आणि गेटला बत्तीसशे लागले तर ते अजून गळतंय कसं. यावर अध्यक्ष हसले. रागावले असते तर चाललं असतं हो, हसले. आणि माइकवरून, म्हणजे बाहेर पारावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं, म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा. पुढच्या वेळी दादांना पाठवा, त्यांना नीट समजावून सांगतो."

दादांना!

सातबारा माझ्या नावावर आहे. पाणीपट्टीची पावती माझ्या नावावर आहे. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म दर हंगामाला मी भरते, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन मी करते, रात्री दोनला बॅटरी घेऊन चारीवर, म्हणजे कालव्यातून शेताकडं येणाऱ्या पाटावर, मी जाते कारण वरच्या अंगाला कुणीतरी बांध फोडून आपल्या उसात पाणी वळवलेलं असतं. दादांचं नाव संस्थेच्या कुठल्याच कागदावर नाही, दादांना आपला टेल, म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, किती नंबरच्या चारीवर येतो ते विचारून बघा. बी.कॉम. मी आहे. बचत गटाचा हिशेब मी ठेवते, अकरा बायकांचे महिन्याचे शंभर-शंभर रुपये, त्यात पाच रुपयाचा फरक आला तर आम्ही दिवे लावून बसतो तो सापडेपर्यंत, आणि आमच्या वहीत किरकोळ असं खातंच नाही. फिनाइलची बाटली घेतली तर फिनाइलची बाटली असं लिहितो. आणि मला हिशेब समजणार नाही, दादांना समजेल, ज्यांनी किराणा आणायला दिलेल्या पाचशेचा हिशेब आयुष्यात एकदाही दिलेला नाही.

बरं मी बसले नाही. तर मागून कुणीतरी "ओ काकू, जेवायला उशीर होतोय" म्हणालं. पंचेचाळिशीची आहे मी, तो बोलणारा बावन्नचा असेल.

आणि समोर व्यासपीठावर महिला संचालकाच्या खुर्चीत कोण, तर बाईंचे मिस्टर. २००५ च्या कायद्यात हेड, मिडल, टेल तिन्हीकडचे संचालक पाहिजेत, बायका पाहिजेत, सगळं लिहिलंय, सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन म्हणे. आमच्याकडं व्यवस्थापन असं की बाई घरी शेंगा फोडतायत आणि रजिस्टरला त्यांची सही मिस्टर करतायत, माझ्यासमोर केली, वेलांटीसकट. टेलचे संचालक आहेत ते पण कागदावरच टेलचे, राहतात हेडला, विहीर कालव्याला चिकटून, त्यांना टेलचं काय पडलंय.

मी परत गेटच्या मुद्द्यावर आले. तर अध्यक्ष म्हणाले, भराव आणि गेट डिपार्टमेंटचं, म्हणजे पाटबंधारे खात्याचं, संस्थेकडं फक्त चाऱ्या हस्तांतरित झाल्यात. म्हटलं मग आपल्या कागदावर ३,२०० कुठल्या गेटला लागले? शांतता. सचिव पेनाचं टोपण शोधायला लागले. मग म्हणे "ते ग्रीस". साहेब, त्या गेटला शेवटचं ग्रीस लागलं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता तो इंजिनिअरिंगला आहे. आणि डिपार्टमेंटला जाऊन विचारा, तिथं नेमकं उलटं, "मॅडम ते आता संस्थेचं." दोघांचं मिळून कुणाचंच नाही असं ते गेट आहे.

बघितलंय का कुणी ते गेट जवळून? मी मुद्दाम गेले होते गेल्या आठवड्यात. विमोचकाच्या, म्हणजे धरणातून कालव्यात पाणी सोडायच्या दाराच्या, विहिरीवरचं झाकण नाही, आत वाकून बघितलं तर दांडा वाकलेला, चाक फिरत नाही, ते फिरवायला पाइपचा तुकडा घालावा लागतो आणि तो पाइप अध्यक्षांच्या चुलतभावाच्या गोठ्यात असतो, तो घरी नसला की धरण बंद. रबर सील कधीच गेलं. त्याच्या जागी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबल्यात, वर कुणाचीतरी जुनी साडी, निळी, काठाची. आणि खालून पाणी चाललंय कालव्यात, सप्टेंबरमध्ये, शेतात गुडघाभर चिखल असताना. कुणाला नकोय ते पाणी आत्ता. फेब्रुवारीत कांदा पोसायला येईल तेव्हा हेच लोक सांगणार, यंदा साठा कमी राहिला हो, टेलला पाण्याचं दुसरं आवर्तन जमणार नाही. पाऊस कमी झाला म्हणणार. धरण भरून सांडवा वाहिला होता की महिनाभर! मी रील बघितलीय, तुमच्याच पोराने टाकली होती, गाण्यासकट.

सांड‍व्याचं काढलंच तर तेही ऐका. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर आडवी जाळी बांधलेली असते. त्या जाळीला शेवाळ, जलपर्णी, प्लास्टिक, चपला सगळं अडकतं आणि सांडवा अर्धा बुजतो. मातीचं धरण आहे, पाणी सांडव्यावरून गेलं पाहिजे, भरावावरून गेलं की संपलं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. ते पण विचारलं होतं दोन वर्षांपूर्वी, तर म्हणे "मासेमारीचा ठेका आपला नाही." जाळी तर दिसते ना आपल्याला, काढायला कोयता लागतो फक्त.

भरावावर बाभळी. रोपं होती तेव्हा सांगितलं, मनगटाएवढ्या झाल्या तेव्हा सांगितलं, आता त्यांच्या सावलीत शेळ्या बसतात. मुळं आत जातात, झाड वाळलं की मूळ कुजतं आणि मातीत नळी तयार होते, त्यातून पाणी वाट काढतं. घुशी आहेत, बिळं आहेत. पिचिंगचे, म्हणजे भरावाला पाण्याच्या बाजूने लावलेले, दगड कुणाकुणाच्या गोठ्याच्या जोत्याला लागलेत ते मला माहितीय, नावं घेत नाही कारण त्यातला एक माझा सख्खा दीर आहे. आणि गाळमुक्त धरण योजना आली तेव्हा काय केलं, तर गाळ राहिला आतमध्ये मधोमध आणि जेसीबीने मुरूम उचलला भरावाच्या पायथ्यालगतचा, कारण तिथं ट्रॅक्टर जातो. म्हणजे ज्याच्यावर धरण उभं तेच खरवडून रस्त्याला टाकलं.

आता त्याच पायथ्याला ओल आहे. मातीच्या धरणाला थोडा पाझर असतोच, तेवढं मलाही कळतं. स्वच्छ पाणी आलं तर लक्ष ठेवायचं, गढूळ यायला लागलं म्हणजे आतली माती वाहतेय. आमचं अजून स्वच्छ आहे. पण लक्ष कोण ठेवतंय? मी सभेत हे बोलले तर अध्यक्ष म्हणाले, "पावसाळ्यात ओल नाही तर काय धूळ येणार का?" आणि सगळे हसले. मिस्टर संचालक तर मांडीवर हात मारून हसले.

हसा. तिवरे धरणाखालच्या लोकांनीही गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, चिपळूण तालुक्यात, भेंदवाडीतली घरंच्या घरं माणसांसकट वाहून गेली, आणि त्यानंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी फोडलं. खेकड्यांनी. लोकांनी मग आंदोलनात खेकडे नेले. आमच्याकडं तर खेकडे पण आहेत, घुशी पण आहेत, बाभळी पण आहेत, कारणांचा साठा भरपूर आहे, नंतर कुणावर ढकलायचं याची चिंता नाही. धरण सुरक्षा कायदा आला २०२१ मध्ये, पावसाळ्याआधी तपासणी, पावसाळ्यानंतर तपासणी, वाचून बरं वाटलं, मग कळलं आमचं धरण त्यात बसतच नाही, उंची दहा मीटरच्या आत. खाली राहणाऱ्यांनी फुटताना मीटर मोजायचे.

अभ्यास दौरा राहिलाच. अडतीस हजार. कुठं गेले होते, तर वाघाड धरणावर, नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडं. आता वाघाड म्हणजे ज्यांना माहितीय त्यांना माहितीय, ओझरच्या टेलवाल्यांनीच संस्था काढल्या, बापू उपाध्ये आणि भरत कावळे हे कार्यकर्ते मागं लागले, पाणी मोजून घेतलं, आणि पुढं अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडं आलं. टेलवाल्यांनी! तिथं जाऊन यांनी काय अभ्यास केला? ग्रुपवर फोटो आहेत, वणीच्या गडावरचे वीस, त्र्यंबकचे बारा, मिसळीचे सहा, वाघाडचा एक, त्यात पण मागं धरण दिसत नाही, गाडीच दिसते.

माझं माहेर साक्रीकडचं, पांझरेकाठचं. तिथं फड होते, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत. माझे आजोबा कुठला कायदा वाचलेले नव्हते, पण फडाला पाटकरी होता, रात्री राखायला जागल्या होता, आणि पाट साफ करायची वेळ आली की खातेदाराने फावडं घेऊन यायचं, पंच असो का कोण. तिथं तहकूब बिहकूब काही नव्हतं, नाही आलास तर सगळ्यांदेखत विचारायचे. हे मी सासरी बोलून दाखवलं की सासूबाई म्हणतात, झालं हिचं माहेरपुराण सुरू. असू दे.

तर एवढं सगळं बोलून, हातपाय थरथरत, मी हॉलच्या बाहेर आले. मनात ठरवलं होतं की चप्पल घालायची आणि मागं वळून न बघता जायचं. दारातच एका पोराने हातात प्लेट दिली. पोहे. गार झालेले, वर दोन शेंगदाणे आणि लिंबाची चकती असल्यासारखी. आणि मी खाल्ले. उभ्या उभ्या खाल्ले, वर "शेव नाही का रे" पण विचारलं. म्हणजे त्या साडेसत्तावीस हजारांतले वीसेक रुपये माझ्याही पोटात गेलेत, ऑडिटरने लिहून घ्यावं. भूक लागली होती हो, अकरापासून बसले होते.

घरी येऊन दादांना, म्हणजे ज्यांना समजावून सांगणार होते त्यांना, सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, बंद नाही केला, आणि म्हणाले, मग तूच उभी राहा ना निवडणुकीला. मी मनात मतं मोजली. बचत गटाच्या अकरा, त्यातल्या चौघींचे नवरे ठरवणार मत कुणाला, दोघींच्या नावावर जमीन नाही म्हणजे मतच नाही. टेलवाले आपले आहेत, पण ते मतदानाला येत नाहीत, पाणीच येत नाही तर मत कशाला म्हणतात. दीर देणार नाही, पिचिंगचा दगड. पॅनेलच्या फ्लेक्सवर हात जोडलेला फोटो काढायला लागणार हे आठवलं आणि तिथंच थांबले.

उभं राहायचं की नाही ते नंतर बघू. आज सकाळी ऑफिसात जाऊन लेखी अर्ज दिला, तीन वर्षांची खर्चाची व्हाउचरं आणि गेटच्या कामाची बिलं, प्रत द्या म्हणून, आणि एक प्रत उपविभागीय अभियंत्यांना, आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय हलले नाही. सचिव अर्ज उलटसुलट करत बसले, मग म्हणाले, मॅडम, बरीच पानं होतील, झेरॉक्सचा खर्च कशात टाकायचा?

किरकोळमध्ये टाका म्हटलं.