उसना नातू

"अंकल, सोबतचं लहान मूल कुठंय?"

परवाच्या रविवारी एका मोठ्या करमणूक उद्यानात, आगगाडीच्या फाटकावर एका विशीतल्या पोराने मला हे विचारलं. अंगात निळा कोट, डोक्यावर गार्डाची टोपी, गळ्यात शिट्टी आणि पायात रबरी चप्पल. मूल नाही म्हटल्यावर त्याने मी विनातिकीट सापडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. प्रवेशाचे पैसे वेगळे, शिवाय या गाडीचे दीडशे, असं दोन्हीकडून सोललेलं तिकीट माझ्या हातात होतं.

"सिंगल अ‍ॅडल्ट अलाऊड नाही."

"अहो, माझं वय अठ्ठावन्न आहे."

"वयाचं काही नाही अंकल. मूल पायजे."

मूल कुठून आणू? भाची, तिचा नवरा आणि त्यांची दोन घोडी माणसाला उलटं टांगणाऱ्या कुठल्याशा पाळण्याकडे गेली होती. मला उद्यानात आणलं होतं ते चार पिशव्या आणि सहा चपला सांभाळायला. त्या लॉकरमध्ये कोंबून मी गुपचूप सटकलो होतो, कारण पाटीवर लिहिलं होतं 'नॅरोगेज वाफेची गाडी'. आणि मी कुर्डुवाडीचा.

कुर्डुवाडीचा म्हणजे काय ते सांगायला हवं. मुख्य लाइन बार्शीला बाजूला टाकून गेली, म्हणून १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या साहेबाने बार्शी ते कुर्डुवाडी अडीच फूट अंतराचे, म्हणजे नॅरोगेज, रूळ टाकले. पुढे ही बार्शी लाइट एकीकडे लातूरला गेली, दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेला. या कॅलथ्रॉपची अक्कल अशी, की डबा असो नाहीतर इंजिन, एकाही आसावर पाच टनांपेक्षा जास्त ओझं पडू द्यायचं नाही, म्हणजे हलक्या रुळांवर भरपूर माल जातो. वारीत मालडब्यांतूनसुद्धा माणसं जायची. माझं लहानपण त्या गाडीच्या खिडकीत, डोळ्यातली कोळशाची कणी आईच्या पदराने काढून घेण्यात गेलं. आणि हा चपलेतला गार्ड मला विचारतो, मूल कुठंय!

मी त्याच्याशी हुज्जत घालत असताना बाकावरून आवाज आला, "आवं भाऊ, आमचं न्या की एखादं."

साठीच्या बाई. नऊवारी, त्यावर उन्हाची टोपी. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात दशम्या आणि शेंगाची चटणी. बाहेरचं खाणं आणायला बंदी असलेल्या या उद्यानात, पिशव्या हुंगणाऱ्या रखवालदाराच्या नाकाखालून एवढा डबा आत आणणाऱ्या बाईबद्दल मला तत्क्षणी आदर वाटला. भोवती तीन नातवंडं.

"थोरला न्या. शाणा हाय. त्याला फकस्त खिडकी लागती."

"अहो, असं कसं? तुम्ही मला ओळखत नाही."

"वळखायचं काय त्यात? गाडी जाऊन जाऊन जातीय कुठं, हितंच येतीया न्हवं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गार्डाकडेही नव्हतं. मूल कुणाचं असावं हे त्याच्या नियमात नसावं. "चालंल," तो म्हणाला, "पण बारक्याचं तिकीट काढा." काढलं. आणखी दीडशे.

ते पैसे बाई देतील असं वाटून मी जरा घुटमळलो. त्यांनी मला एक दशमी दिली.

दशमी खाता खाता मी म्हणालो, आमच्याकडे खरीखुरी अशी गाडी होती, बार्शी लाइट. झालं. बाईंचा घास हातातच राहिला.

"ती होय? नाव काढू नगा तिचं! मी सांगोल्याची. माझ्या लग्नाचं वऱ्हाड तिनंच आलं. सकाळचा म्हूर्त, आन् वऱ्हाड टेकलं दुपारी. मधल्या टेशनावर डायवर च्या पीत बसला हुता म्हणं. भटजीनं दुसरा म्हूर्त काढला, तवर भातावर माश्या. सासू मरंस्तवर मला म्हणायची, तुझा पायगुणच उशिराचा. आन् त्याच गाडीत बसाया तुमी तीनशे रुपये मोजताय?"

"ही ती गाडी नाही."

"मग कशापायी बसताय?"

मी थोरल्याचा हात धरून आत गेलो. सात वर्षांचा तो मुत्सद्दी खिडकीत बसला, मला आतल्या बाजूला सरकवलं आणि इंजिनाकडे एकदाच बघून म्हणाला, "आजोबा, हे खोटंय. ह्याच्यात बॅटरी आहे."

बॅटरी की डिझेल, देव जाणे, पण वाफ नव्हती एवढं नक्की. खऱ्या इंजिनात सिलिंडरमधली वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते आणि जाताना आगीला वारा ओढते. म्हणून तर छुकछुक. दोन सिलिंडरांच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार फुत्कार, मोजून घ्या. आमच्याकडची पोरं आवाजावरून गाडीचा वेग सांगायची. हे इंजिन उभं असतानाच धापा टाकत होतं, चालायला लागल्यावरही त्याच तालात. धुराला उदबत्तीचा वास. चाकांना जोडणारा दांडा पत्र्यावर रंगवलेला. कोळसा फायबरचा, एकाच साच्यातला. शिट्टी कर्ण्यातून यायची आणि शिट्टी संपली की त्याच कर्ण्यातून एक बाई समोसा-कॉम्बोची आठवण करून द्यायच्या.

प्लास्टरचा हत्ती गेला. मान मोडलेला डायनोसॉर गेला. सात मिनिटांत फेरी खलास.

मला राग कशाचा आला ते नीट सांगता येत नाही. फसवणूक म्हणावी तर पाटीवर 'वाफेची' म्हणून लिहिलं होतं आणि उदबत्तीची का होईना, वाफ होती. आमची गाडी ब्रॉडगेज झाली तेव्हा मीच पेढे वाटले होते. लातूरला जायला आख्खा दिवस मोडायचा, कपड्यांना भोकं पडायची, वर्षभर आम्ही सगळे तिला शिव्या घालायचो. ती गेली, ठीक झालं. पण मग तिचं सोंग काढून पैसे का उकळता? आणि उकळा बाबांनो, पण त्या सोंगात बसायला मला परवाना म्हणून कुणाचा तरी नातू का लागावा? म्हाताऱ्याने एकट्याने आगगाडीत बसावं यात संशयास्पद काय आहे? लहान मूल मात्र कुणीही कुणाच्याही हाती देतं, त्याला हरकत नाही.

फाटकावर बाई उभ्या होत्या. डबा आवरलेला, उरलेली दोन पोरं ओळीत उभी.

"आला? लई ब्येस. आता मधलीला न्या. तिला तवर शू लागली तर तोंडानं सांगंल ती."

"अहो बाई, माझी हौस भागली."

"तुमची भागली, पोरांची कुठं? थोरल्याला फिरवलं आन् हिला न्हाई, म्हंजे घरी जाऊस्तवर रडून जीव घील माझा. त्याला जबाबदार कोण?"

मधलीने एव्हाना माझं बोट धरलं होतं. गार्ड आता मला ओळखू लागला होता. "या अंकल," म्हणाला, आणि अदबीने फाटक उघडलं. "दोघांचं तिकीट काढा फक्त."

धाकट्याच्या वेळी इंजिन मध्येच बंद पडलं. डायनोसॉरपाशी आम्ही वीस मिनिटं उन्हात बसलो, आणि लांबून, फाटकाच्या बाजूने, स्वच्छ ऐकू आलं, "म्या सांगितलं न्हवतं? ही बी तसलीच!"

तीन फेऱ्या, नऊशे रुपये. भाचीला मी लॉकरचं भाडं लागलं म्हणून सांगितलंय.