न्यूरोसायन्समध्ये ‘भरती’ निघत नाही

एम.एस्सी.चे निकाल लागले की दरवर्षी हा प्रश्न येतोच. “मॅडम, ब्रेन रिसर्चची जाहिरात कधी निघणार?” मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते. त्याआधी बंगळूरला मेंदूवर पीएच.डी. केली आणि जर्मनीत पोस्टडॉकही, म्हणजे पीएच.डी.नंतरचं काही वर्षांचं संशोधन. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. उत्तर मात्र कुणालाच आवडत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. पोस्ट लांबणार आहे.

आपल्याकडे नोकरी म्हणजे जाहिरात, फॉर्म, हॉल तिकीट आणि मेरिट लिस्ट. तलाठी असो, रेल्वे असो, पोलीस असो, गावभरच्या अभ्यासिका त्याच हिशोबावर चालतात, आणि त्या नोकऱ्यांसाठी तो हिशोब बरोबरही आहे. प्रयोगशाळेतली जागा तशी तयारच होत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाला डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन अशा संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांकडून बहुधा तीन वर्षांचा प्रकल्प मिळतो. त्यात एका ज्युनिअर रिसर्च फेलोचा किंवा प्रोजेक्ट असोसिएटचा पगार धरलेला असतो. घड्याळ लगेच सुरू होतं आणि माणूस लवकर हवा असतो. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात दोन-तीन आठवडे राहते आणि निघून जाते. तुम्हाला ती व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होऊन येते तेव्हा मुदत संपलेली असते किंवा उद्या संपणार असते.

त्या शास्त्रज्ञाच्या मेलबॉक्समध्ये तोवर चार-पाच चांगली पत्रं पडलेली असतात. जाहिरात येण्याआधीच ज्यांनी ‘तुमच्याकडे काम करायचंय’ असं लिहिलं, त्यांची. याला वशिला म्हणू नका. मुलाखत सगळ्यांचीच होते. पण ज्याने आपला पेपर (शोधनिबंध) वाचून प्रश्न विचारलाय तो उमेदवार लक्षात राहतो, आणि माझ्या मते राहावाही.

सोलापूरची मुलं पत्र लिहीत नाहीत. घाबरतात. आपलं इंग्रजी, आपलं कॉलेज, आपलं आडनाव, सगळ्याची लाज वाटते. काही जण लिहितात तेव्हा एकच मजकूर पन्नास जणांना: रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, आय अॅम हायली इंटरेस्टेड. असं पत्र उघडलंही जात नाही. पत्र दहा ओळींचं पुरतं. त्या प्रयोगशाळेचा अलीकडचा एक पेपर नीट वाचा आणि त्यातली कुठली गोष्ट तुम्हाला खटकली किंवा पुढे न्यावीशी वाटली ते दोन वाक्यांत सांगा. मग स्वतःला काय येतं ते लिहा: सूक्ष्मदर्शकाखाली काप घेणं, फळमाश्यांचं कल्चर सांभाळणं, पायथॉनमध्ये प्रोग्रामिंग, काहीही, पण खरं. कधीपासून येऊ शकता आणि तुमच्याबद्दल कोण सांगू शकेल, एवढं शेवटी. व्याकरण चुकलं तर चुकू दे. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

कुणाला लिहायचं? हरियाणात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे, सगळे तेच नाव घेतात. बंगळूरमध्ये निम्हान्स, आयआयएस्सीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स आणि एनसीबीएस. मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर. पुण्याला हुतात्मा, बंगळूरला उद्यान एक्स्प्रेस, म्हणजे अंतराचं कारण सांगू नका. आणि नाव बघून संस्था निवडू नका, प्रश्न बघून निवडा. निम्हान्समध्ये दान केलेल्या मानवी मेंदूंची पेढी आहे. ज्याला आजारांची पेशी-पातळीवरची गोष्ट समजून घ्यायचीय त्याच्यासाठी ती जागा वेगळी. ज्याला गणित आवडतं त्याचा रस्ता आणखी वेगळा.

एक मुद्दा मात्र खास आपल्या गावासाठी. हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) ६४८ रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली, आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक होता. डॉ. सुवर्णा अल्लादी यांचं हे काम जगभर वाचलं गेलं. आता अशोक चौकातल्या कुठल्याही घरात डोकावा. आजी तेलुगूत रागावते, सून मराठीत उत्तर देते आणि दारातल्या भाजीवाल्याशी दोघी दखनीत भांडतात. अक्कलकोटकडची मुलं कन्नड घेऊन येतात. अशी माणसं संशोधनाला हवीच आहेत, विषय म्हणून आणि संशोधक म्हणूनही. आयआयएस्सीच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत पंचेचाळिशी ओलांडलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं माग ठेवतं: रक्त, एमआरआय, स्मरणशक्तीच्या चाचण्या. त्या चाचण्या इंग्रजीत होत नाहीत. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याला अपमान न वाटता, ‘आज वार कुठला’ हे विचारता यावं लागतं. आमच्या मुलांना हे जन्मापासून येतं आणि एकाच्याही सीव्हीवर ते नसतं! ‘लँग्वेजेस नोन’ म्हणून खाली कोपऱ्यात टाकतात. वर आणा. कामाचं कौशल्य म्हणून लिहा.

आता घरच्यांबद्दल. एका विद्यार्थिनीला प्रोजेक्टची जागा मिळाली तेव्हा तिचे वडील मला भेटायला आले. यंत्रमागावर काम केलेला माणूस, हिशोबाला पक्का. म्हणाले, “मॅडम, पत्रात ‘टेंपररी’ लिहिलंय. उद्या काढून टाकले तर?” मी म्हटलं, “काका, प्रकल्प संपला की जागा संपणारच आहे. पण तोवर तिला जे येईल ते कुणी काढून घेणार नाही.” त्यांना फारसं पटलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोला) महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, त्याच्या पुढच्या पायरीला, एसआरएफला (सीनिअर रिसर्च फेलोला), ४२,०००, पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएटला ५८,००० पासून पुढे. कागदावर बरं दिसतं. प्रत्यक्षात काही ठिकाणी पैसे महिनोन्महिने रखडतात, आणि ज्याच्या घरून दोन महिने पैसे येऊ शकत नाहीत तो आधी गळतो. गुणवत्तेवर व्याख्यानं देणाऱ्यांनी हे आधी बोलावं. मी मुलांना सांगते, रुजू होण्याआधी त्या प्रयोगशाळेतल्या सध्याच्या मुलांना गाठून पगार वेळेवर होतो का ते विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पोस्टडॉकचं गणित तर आणखी कडक. पीएच.डी. झाल्यावर ‘बघू’ म्हणणाऱ्यांनी मुदती बघाव्यात. आपल्याकडच्या नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला वयाची अट ३५ आहे. महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षं सूट. युरोपच्या एम्बो फेलोशिपला पीएच.डी.नंतर २ वर्षांच्या आत अर्ज करायचा आणि देशही बदलायचा. मारी क्युरी फेलोशिप ८ वर्षांपर्यंत चालते, पण ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. यातल्या प्रत्येक अर्जाला ‘मी याला घ्यायला तयार आहे’ असं म्हणणारा यजमान शास्त्रज्ञ आधी लागतो. म्हणजे प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधी पत्रं सुटलेली हवीत. प्रबंधाचं बाइंडिंग झाल्यावर जागा शोधायला बसणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत, आणि त्यातले हुशार कमी नव्हते.

अमेरिकेबद्दल सगळे विचारतात. तिथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची एफ-३२ ही पोस्टडॉक फेलोशिप नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळते. आपला माणूस बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या अनुदानातून पगार घेतो, म्हणजे त्याचं अनुदान गेलं की आपली जागा गेली. २०२५ मध्ये तिथे संशोधनाच्या अनुदानांना कात्री लागली आणि नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. जाऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त ‘तुमचं अनुदान कधी संपतंय’ हा प्रश्न मुलाखतीत विचारा. चांगला माणूस सरळ उत्तर देतो.

यजमान निवडताना मी एकच गोष्ट बघते: त्याच्याकडचे आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत. प्रयोगशाळेच्या पानावर जुन्या लोकांची यादीच नसेल, तर एकदोन जणांना शोधून फोन करा. पेपरांची संख्या, इम्पॅक्ट फॅक्टर वगैरे नंतर.

आणि कृपा करून ‘आंतरराष्ट्रीय परिषदे’च्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवणं बंद करा. हजार-दोन हजार भरून मिळालेला तो कागद पुण्याच्या पलीकडे कुणी बघत नाही. खरं तर पुण्यातही नाही. त्यापेक्षा तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप बघा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढता येतात आणि आम्हा शिक्षकांनाही अर्ज करता येतो. (आमच्यातले किती करतात, हा स्वतंत्र पोस्टचा विषय.) तेही जमत नसेल तर लॅपटॉप उघडा. फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, १,३९,२५५ न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी. तो सगळा डेटा खुला आहे, आणि तो तपासण्यात प्रयोगशाळेबाहेरच्या हौशी लोकांचाही हात होता. जुळे सोलापुरातल्या खोलीत बसून त्यावर छोटं विश्लेषण करता येतं, आणि ते पत्रात लिहिलं तर दहा प्रमाणपत्रांपेक्षा वजन पडतं.

ज्यांना आपल्या पत्राचा मसुदा दाखवायचा आहे त्यांनी शनिवारी दुपारनंतर विभागात यावं. छापून आणा, मोबाइलवर मी वाचत नाही. ज्या प्रयोगशाळेला लिहिताय तिचा पेपरही सोबत हवा. पहिली दहा मिनिटं मी त्यावरच प्रश्न विचारणार आहे.