काळ्या प्लगवर पॉलिश पेपर घासण्याआधी

आमच्या साताऱ्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दर पावसाळ्यात नेमाने फिरून येतो. मथळा ‘मेकॅनिकला पैसे देऊ नका’. मजकूर थोडक्यात असा: स्कूटरचा प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा) काळा दिसला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) स्क्रू अर्धा आटा आवळा. प्लग पॉलिश पेपरने चकाचक घासा. बाहेर धरून किक मारा, निळी ठिणगी पडली की प्लग ओके. तरी काळा झालाच, तर एक नंबर ‘गरम’ प्लग (ज्याचं टोक जास्त तापतं असा) टाका.

शेजारच्या काकांनी यातलं शेवटचं सोडून सगळं केलं आणि गाडी माझ्या दारात आणून लावली. मी मेकॅनिक नव्हे, रविवारी हात काळे करून घेणारा माणूस. गाडी 110 सीसीची, कार्बोरेटरवाली. सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर आणि पोवई नाक्याच्या गर्दीत वेग कमी केला की बंद.

‘काळा म्हणजे पेट्रोल जास्त’ हे अर्धवट आहे. आधी काळा कसला ते बघा. प्लगच्या टोकावर बोट फिरवा. निरांजनावर धरलेल्या वाटीसारखी कोरडी, मऊ काजळी बोटाला लागली तर ती जळण अपुरं झाल्याची. भज्यांच्या कढईच्या कडेला असतं तसं चिकट, ओलसर कीट असेल तर ते ऑइलचं, आणि तिथे कार्बोरेटरचा काही संबंध नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन नंतर थांबत असेल तर व्हॉल्व्हचं, म्हणजे झडपेचं, ऑइल अडवणारं सील बघा. चढाला, पिकअप देताना धूर येत असेल तर पिस्टनची रिंग. आणि प्लग नुसता पेट्रोलने ओला असेल तर बहुतेक वेळा ठिणगीच पडत नाहीये.

काकांची काजळी कोरडी होती. म्हणजे मेसेज बरोबर? नाही. प्लगच्या आतलं चिनीमातीचं टोक साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काजळी आपोआप जळून जाते. काकांची फेरी घर ते राजवाडा, दीड किलोमीटर, भाजी, परत. इंजिन पुरतं तापायच्या आत स्टँडवर. अशी गाडी कार्बोरेटर शंभर टक्के बरोबर असला तरी प्लग काळा करणारच. त्यात एअर फिल्टर उघडला तर कागदाच्या घड्या धुळीने बुजलेल्या. हवा कमी, म्हणजे तुलनेने पेट्रोल जास्त. चोक ओढून विसरणाऱ्यांचंही हेच होतं.

आता तो स्क्रू. मुळात तो चालतो स्लोवर, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, आणि त्याच्या थोडं वरपर्यंत. गाडी पळत असताना पेट्रोल किती जायचं ते कार्बोरेटरमधलं जेट (पेट्रोलचं बारीक भोक) आणि नीडल (त्यातली सुई) ठरवतात. दुसरं, आवळल्याने पेट्रोल कमी होतंच असं नाही. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो बहुधा मिश्रणाचा, आवळला की पेट्रोल कमी. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आवळला की हवा कमी आणि काजळी आणखी! मेसेज लिहिणाऱ्याने ही साधी गोष्टही सांगितलेली नाही. काकांचा स्क्रू मिश्रणाचा होता, म्हणून आवळल्यावर स्लोच मेला. पोवई नाक्याचं कोडं तिथेच सुटलं. आणि एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झाल्यापासून जवळपास सगळ्या नव्या स्कूटरना कार्बोरेटरच नाही, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे. त्यांनी कुठला स्क्रू शोधायचा?

पॉलिश पेपरवर माझा खास राग आहे. काकांचा प्लग बाहेरून नाण्यासारखा चमकत होता. मल्टीमीटर मेगाओहमला (विजेला होणारा अडथळा मोजायला) लावला, एक टोक वर कॅप बसते तिथे, दुसरं आट्यांवर. चांगल्या प्लगला इथे काहीच वाचन येत नाही, वाट बंद असते. काकांच्या प्लगला दोन मेगाओहमही नव्हते. कारण काजळी म्हणजे कार्बन, त्यातून वीज वाहते. आणि खरी काजळी बसते आत, चिनीमाती आणि लोखंडी कवचाच्या मधल्या खोल फटीत, जिथे कागद पोचत नाही. टोकावरची गॅप (ठिणगी पडायची फट) ओलांडून उडी मारण्याऐवजी वीज त्या वाटेने गुपचूप बॉडीत उतरते. वर कागदाचे कण त्याच फटीत पडतात आणि इलेक्ट्रोडची धारदार कड गोल होते. ठिणगी तर धारेवरूनच सहज सुटते. तारेचा ब्रश वापरलात तर चिनीमातीवर धातूच्या रेघा उमटतात, म्हणजे आणखी एक वाट. इरिडियम प्लगला (टोकाला इरिडियम धातूचा बारीक इलेक्ट्रोड असलेल्या) तर यातलं काहीच लावू नका.

निळ्या ठिणगीचं म्हणाल, तर उघड्या हवेत एक मिलिमीटर गॅप ओलांडायला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा कितीतरी पट दाबलेली असते, तिथे व्होल्टेजही बरंच जास्त लागतं. बाहेर टकाटक उडणारा प्लग आत गप्प बसू शकतो. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असताना शेजारी ठिणगी पाडायची, हा सल्ला ज्याला सुचला त्याला साष्टांग नमस्कार.

‘एक नंबर गरम’ म्हणजे कुठला, हेही मेसेजात नाही. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या प्लगमध्ये आकडा वाढला की गरम. चुकीचा गरम प्लग राजवाड्यापर्यंत निभावेल. तोच घालून, दोघं बसून यवतेश्वरचा घाट चढलात की टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवायला लागतो, आणि तिथे पिस्टनचा बळी जातो. पुस्तिकेत दिलेलाच नंबर घाला.

तपकिरी, चहासारखा रंग आला नाही म्हणूनही लोक घाबरतात. तो रंग बराचसा शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला. आपल्याकडे 2000 सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आहे. आता फिकट करडा दिसला तरी ठीक.

काकांना नवा फिल्टर घातला, नवा प्लग घातला, स्क्रू होता तिथे परत आणला आणि आठवड्यातून एकदा यवतेश्वरला जाऊन या म्हटलं. तीन आठवड्यांनी प्लग उघडला. टोक करडं, कडेला थोडी काजळी. राजवाडा अजून दीड किलोमीटरवरच आहे ना.